नेम लागत नसला तरी चालेल : ‘टीम फोर्ट्रेस २’ नव्याने खेळणाऱ्यांसाठी

नेमबाजीच्या ऑनलाइन खेळांना नवखा माणूस सहसा पहिल्याच आठवड्यात कंटाळतो. कोपऱ्यावरून डोकं बाहेर काढलं की मेला. पुन्हा वाट बघायची, पुन्हा मरायचं. समोरचे वर्षानुवर्षं हेच करत आलेले असतात, त्यांच्या हाताचा वेग आपल्याला महिन्याभरात येणं शक्य नसतं. ‘टीम फोर्ट्रेस २’ मात्र पहिल्या संध्याकाळीच तुम्हाला संघाच्या उपयोगी पडू देतो. यात नऊ प्रकारचे लढवय्ये आहेत : स्काउट, सोल्जर, पायरो, डेमोमन, हेवी, इंजिनियर, मेडिक, स्नायपर आणि स्पाय. त्यांतले साथीदारांना बरं करणारा मेडिक आणि यंत्रं बांधणारा इंजिनियर हे दोघे नेमावर फारसे अवलंबून नाहीत आणि नेमकं त्या दोघांवाचून बाकीच्यांचं पान हलत नाही. माझ्या मते या खेळाची सगळी ताकद इथेच आहे, म्हणून पुढच्या पायऱ्याही त्याच क्रमाने लावल्या आहेत.

आधी जुजबी ओळख. मूळ ‘टीम फोर्ट्रेस’ हे १९९६ साली ‘क्वेक’ या खेळावर ऑस्ट्रेलियातल्या तिघा तरुणांनी केलेलं मॉड, म्हणजे मूळ खेळात फेरफार करून बनवलेला नवा खेळ. पुढे व्हॉल्व्ह या खेळ बनवणाऱ्या कंपनीने त्यांच्यापैकी दोघांना कामावर घेतलं. दुसऱ्या भागाची पहिली झलक १९९९ मध्ये दिसली तेव्हा तो लष्करी गणवेशातला, गंभीर चेहऱ्याचा खेळ होता. ते सगळं बाजूला ठेवून कंपनीने १० ऑक्टोबर २००७ रोजी बाजारात आणला तो जाड रेषांचा, कार्टूनसारखा, थट्टेखोर खेळ. जून २०११ पासून तो फुकट आहे. लाल संघ रेड, निळा संघ ब्लू, अधिकृत सामन्यात दोन्हीकडे बारा-बारा. थट्टेखोर असला तरी रक्त आणि तुकडे भरपूर उडतात, अमेरिकेत त्याला सतरा वर्षांवरचं मानांकन आहे. घरात लहान मुलं असतील तर हे आधी लक्षात घ्या.

पायरी १ : बसवा आणि चार गोष्टी बदला

स्टीम या व्हॉल्व्हच्या ऑनलाइन दुकानात खातं उघडा, खेळ शोधा, डाउनलोड लावा. फाइल मोठी आहे, रात्री लावून झोपलेलं बरं. खेळ जुना असल्यामुळे वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या लॅपटॉपवरही चित्राचा दर्जा कमी ठेवून तो खेळता येतो. बारा-बारांची धुमश्चक्री चालू असताना जुनं मशीन थोडं अडखळेल, तेवढं चालवून घ्या. माउस मात्र हवाच. टचपॅडवर प्रयत्न करून स्वतःचे हाल करू नका.

खेळ सुरू झाला की पर्यायांमध्ये जा. दृष्टीचा कोन सुरुवातीला ७५ अंश असतो, तो ९० करा, आजूबाजूचं बरंच जास्त दिसेल. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पर्यायांत गोळी लागली की आवाज व्हावा आणि किती इजा झाली तो आकडा दिसावा, अशा दोन सोयी आहेत, त्या चालू करा. चौथी मेडिकसाठी : उपचाराचं बटण सतत दाबून न धरता उपचाराचा किरण चालू राहावा, या पर्यायावर खूण करा. मनगट दुखत नाही.

पायरी २ : सराव, पण थोडाच

मुख्य पानावर प्रशिक्षण आहे. सोल्जरपासून सुरू होतं, पुढे डेमोमन, स्पाय आणि इंजिनियर. निदान पहिलं पूर्ण करा. त्यानंतर बॉटबरोबर, म्हणजे संगणकाने चालवलेल्या खेळाडूंबरोबर, ऑफलाइन सामना लावता येतो. तिथे नकाशे फिरून बघा, औषधाचे डबे आणि गोळ्यांच्या पेट्या कुठे असतात ते पाहा. बॉटशी फार वेळ खेळू नका, कारण माणसं तशी वागत नाहीत.

पायरी ३ : पहिला सामना पेलोडचा

‘कॅज्युअल’ या अधिकृत सामन्यांच्या विभागात खेळाचे अनेक प्रकार दिसतील. ध्वज पळवण्याचे नकाशे नव्या माणसाला गोंधळात टाकतात. ‘टूफोर्ट’ हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध नकाशा, पण तिथे तासन्‌तास काहीच घडत नाही आणि लोकांना तेच आवडतं. तुम्ही ‘पेलोड’ निवडा. ‘बॅडवॉटर बेसिन’ किंवा ‘अपवर्ड’ हे दोन नकाशे उत्तम.

ब्लूने बॉम्ब ठेवलेली गाडी रुळांवरून ढकलत न्यायची, रेडने अडवायची. गाडीजवळ उभं राहिलं की ती आपोआप पुढे जाते. तीन माणसं असतील तर सर्वांत जोरात, चौथ्याने वेग वाढत नाही. स्काउट एकटा दोघांचं बळ लावतो. शत्रूचा एक जरी माणूस गाडीला चिकटला तरी ती थांबते, आणि अर्धा मिनिट कोणी ढकललं नाही तर मागे घरंगळू लागते. ब्लूच्या माणसांना गाडीजवळ प्रकृतीही (अंगात उरलेला जीव, तो आकड्यात मोजतात) मिळते आणि गोळ्याही. थोडक्यात, काय करावं कळत नसेल तर गाडीजवळ जा. एकही शत्रू न मारता तुम्ही संघाच्या उपयोगी पडत असता.

सामना शोधताना पिंगची, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणाऱ्या मिलिसेकंदांची, मर्यादा ठरवता येते. सामन्यात टॅब दाबलंत की गुणफलक येतो, त्यातही प्रत्येकाचा पिंग दिसतो. शंभरच्या आत असेल तर छान. दीडशेच्या पुढे गेला तर स्नायपर आणि स्पाय खेळणं व्यर्थ. मेडिक आणि इंजिनियर तेव्हाही नीट खेळता येतात.

पायरी ४ : मेडिक घ्या

बरेच जुने खेळाडू नव्यांना सोल्जर किंवा हेवी घ्यायला सांगतात. माझा आग्रह मेडिकचा आहे. मेडिगनचा, म्हणजे त्याच्या उपचाराच्या बंदुकीचा, किरण साथीदाराला एकदा लागला की चिकटून राहतो, त्याच्या हालचालीबरोबर वळतो. नेमाचा प्रश्नच मिटला. त्यामुळे नजर मोकळी राहते, आणि अनुभवी माणूस कुठे उभा राहतो, कधी माघार घेतो, कोणत्या दारातून आत शिरतो हे त्याच्या पाठीमागून दिसत राहतं. नकाशा शिकण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

आता बारकावे. किरण सेकंदाला २४ प्रकृती भरतो. पण ज्याला गेले १५ सेकंद काहीच लागलेलं नाही त्याची तिप्पट वेगाने, म्हणजे ७२ ने भरते. म्हणून जखमी होऊन थोडा मागे येऊन थांबलेला साथीदार असेल तर त्याला आधी धरा, दोन-तीन सेकंदांत तो पुन्हा उभा राहतो. प्रकृती पूर्ण भरल्यावरही धरून ठेवलंत तर ती दीडपट होते, पण मग हळूहळू ओसरते. हेवीची ३०० ची ४५० होते, सोल्जरची २०० ची ३००. सामना सुरू होण्याआधीच्या तयारीच्या वेळात सगळ्यांवरून एकेकदा किरण फिरवा.

बरं करता करता ‘उबर’ ही मेडिकची खास शक्ती भरत जाते. उबर शंभर टक्के झाला की उजवं बटण दाबायचं. पुढचे आठ सेकंद तुम्ही आणि तुमचा साथीदार दोघांनाही काहीही होत नाही. जखमी माणसांना बरं करत राहिलात तर उबर साधारण ४० सेकंदांत भरतो. एकाच धडधाकट, आधीच दीडपट झालेल्या हेवीला चिकटून बसलात तर वेग निम्मा होतो. हे खूप जणांना ठाऊक नसतं. ‘हेवीची शेपटी’ झालेला मेडिक प्रत्येक सामन्यात एक तरी असतो, आणि त्याच संघातले चारजण ‘मेडिक!’ ओरडत मरत असतात.

मेलात तर भरलेला उबर जातो. म्हणून योग्य क्षणाची वाट बघत तो उराशी धरून मरण्यापेक्षा थोडा लवकर वापरलेला परवडतो. उभं राहायचं ते भिंतीच्या कडेला, साथीदाराच्या किंचित मागे. दर काही सेकंदांनी पाठीमागे वळून बघायची सवय आजपासूनच लावा, का ते पुढे येईलच.

आणि तुम्हाला कोणी बरं करायचं? मेडिकची प्रकृती आपोआप हळूहळू भरते, पण मार बसताना ती पुरत नाही. जाणता हेवी आपलं सँडविच तुमच्यापुढे टाकतो, त्यातून मेडिकला प्रकृती मिळते. असा हेवी भेटला तर त्याला सोडू नका.

पायरी ५ : इंजिनियर

इंजिनियर आपोआप गोळ्या झाडणारी सेंट्री उभारतो, प्रकृती आणि गोळ्या पुरवणारा डिस्पेन्सर उभारतो, आणि माणसांना मागून पुढे नेणारा टेलिपोर्टर. सगळा हिशेब धातूचा. खिशात जास्तीत जास्त २००. सेंट्रीला १३० लागतात, डिस्पेन्सरला १००, टेलिपोर्टरच्या प्रत्येक टोकाला ५०. प्रत्येक वस्तू तिसऱ्या पातळीपर्यंत वाढवता येते आणि दर पातळीला २०० धातू लागतो. पान्याच्या एका फटक्यात २५ जातो. म्हणजे पहिली दोन मिनिटं गोळ्यांची पेटी ते बांधकाम अशा खेपा घालण्यातच जातात. बांधकाम चालू असताना पान्याचे फटके मारले की ते लवकर उभं राहतं.

नवखा इंजिनियर सगळा धातू सेंट्रीत घालतो आणि तिच्यामागे दडून बसतो. रेडकडून एक वेळ चालेल. ब्लूकडून खेळताना आधी टेलिपोर्टर. पेलोडमध्ये गाडी पुढे जाते तसा ब्लूचा जन्मस्थानापासूनचा (मेल्यावर जिथे पुन्हा उगवता तिथपासूनचा) रस्ता लांबत जातो. हेवी तर सर्वांत सुस्त, त्याला चालत यायला युगं लागतात. पहिल्या पातळीचा टेलिपोर्टर दर १० सेकंदांनी एक माणूस पाठवतो, दुसऱ्या पातळीचा ५, तिसऱ्याचा ३. हा फरक सामना फिरवतो. तरीही टेलिपोर्टर बांधणाऱ्याच्या या कामाचं फारसं कौतुक होत नाही, ही या खेळाची एक उणी बाजू.

उजवं बटण दाबून बांधलेली वस्तू उचलून दुसरीकडे नेता येते. गाडी सरकली की डिस्पेन्सरही सरकवा.

नऊजण एकमेकांत कसे अडकलेले आहेत

एक प्रसंग समजून घेतलात तर निम्मा खेळ कळला. रेडने गाडीच्या वाटेवर कोपऱ्यात तिसऱ्या पातळीची सेंट्री लावली आहे, बाजूला डिस्पेन्सर, इंजिनियर पान्याने ठोकत बसलेला. ब्लूची गाडी अडली.

स्काउट तिथे गेला तर सेकंदभरात संपतो, त्याची प्रकृतीच १२५. सोल्जरने लांबून रॉकेट मारली तर इंजिनियर तितक्याच वेगाने डागडुजी करतो. सेंट्रीच्या टप्प्याबाहेर उभा असलेला स्नायपर इंजिनियरला टिपू शकतो, फक्त इंजिनियर आडोशाबाहेर डोकावायला हवा. डेमोमनचं काम त्याहून सोपं : तो कोपऱ्याआडून चिकट बॉम्ब टाकतो, एका वेळी आठपर्यंत, आणि सगळे एकदम उडवतो. सेंट्रीला तो दिसतच नाही. स्पाय शत्रूचा वेश घेऊन आत शिरतो, इंजिनियरच्या पाठीत सुरा खुपसतो आणि सेंट्रीला सॅपर, म्हणजे यंत्र निकामी करणारं उपकरण, लावतो. आणि मेडिक उबर लावून एखाद्या डेमोमनला किंवा सोल्जरला थेट समोरून आत घुसवतो.

आता रेडची बाजू. त्यांचा पायरो सेंट्रीजवळ फिरत असेल तर स्पायची धडगत नाही, कारण आग लागली की वेशाचा उपयोग संपतो. तोच पायरो हवेच्या झोताने रॉकेट उलट फिरवतो, साथीदारांना लागलेली आग विझवतो, आणि उबर लावून आलेल्या जोडीला मारू शकत नसला तरी झोताने मागे ढकलत राहतो. आठ सेकंद असेच गेले की उबर वाया.

लग्नघरात आचारी, वाढपी आणि पाहुण्यांना स्टेशनवरून आणणारा यांतला कोणी एक गायब झाला की सगळ्या घराला कळतं, तसं इथे होतं. तुमच्या संघात मेडिक नाही, हे गुणफलक न बघताही दोन मिनिटांत जाणवतं.

म्हणून खेळाने दिलेली एक सोय कायम वापरा : सामन्याच्या मध्येच, मेल्यानंतर किंवा जन्मस्थानी जाऊन, स्वल्पविरामाचं बटण दाबून लढवय्या बदलता येतो. गाडी अडली आहे आणि संघात पाच स्नायपर आहेत (असतातच), तर सहावा होऊ नका. काय कमी आहे ते बघा आणि ते व्हा.

पायरी ६ : आता बंदूक

मेडिक आणि इंजिनियर म्हणून नकाशा अंगवळणी पडला की मारामारीकडे वळा. सोल्जरपासून सुरू करा. रॉकेट माणसावर मारू नका, त्याच्या पायाजवळच्या जमिनीवर मारा. स्फोटाचा झटका बसतोच, म्हणजे इथेही थोडी चूक माफ आहे. पायाखाली रॉकेट मारून उडी घेण्याचा सराव ऑफलाइन करा.

हेवी सोपा वाटतो, पण बंदूक फिरायला लागेपर्यंतचा वेळ आणि सुस्त चाल यांमुळे चुकीच्या जागी उभा राहिलेला हेवी स्नायपरसाठी आयतं लक्ष्य असतो. पायरो जवळून घात करतो, त्यामुळे आडवाटा माहीत असल्या की छान जमतो. स्काउट आणि डेमोमन नंतर. स्नायपर आणि स्पाय सर्वांत शेवटी. ते वाईट नाहीत, पण त्यांत नवखा माणूस संघाच्या काहीच उपयोगी पडत नाही.

सुरुवातीला मिळतात तीच शस्त्रं पुरेशी आहेत. नवीन शस्त्रं खेळता खेळता आपोआप मिळत जातात. त्यांतली बहुतेक एक काही देतात आणि दुसरं काही काढून घेतात. पैसे टाकून कोणी वरचढ होत नाही, हाही या खेळाचा मोठा गुण.

पायरी ७ : डोळे आणि कान

चित्रकारांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकन जाहिरातींतली चित्रं डोळ्यांपुढे ठेवली होती, विशेषतः जे. सी. लायेनडेकर यांची. सुंदर दिसतं हे खरंच, पण कामाचा भाग असा : लांबून आधी आकृती ओळखू येते, म्हणजे कोणता लढवय्या ते कळतं. मग रंगावरून संघ. मग छातीच्या उंचीवर सर्वांत उठावदार रंगसंगती ठेवलेली असते, म्हणून हातातलं शस्त्र. हेवीचा दरवाजाएवढा देह आणि स्काउटच्या काटक्या यांत गल्लत होऊच शकत नाही. आधी आकृती ओळखा, मग गोळी झाडा.

सेंट्रीचा बीप-बीप आवाज ऐका, पातळीप्रमाणे तो बदलतो. कोपरा वळण्याआधीच पलीकडे काय आहे ते कळतं. अदृश्य स्पाय प्रकट होतानाही आवाज येतो.

मेलात की पडद्यावर मारणारा दिसतो आणि त्याची उरलेली प्रकृतीही. हे वाचायची सवय लावा. ‘तो सोल्जर २० वर आहे’ हे साथीदाराला सांगता आलं तर तुमचं मरणही कामी आलं. अधिकृत सामन्यांत नव्या फुकट खात्यांना चॅटमध्ये लिहिता-बोलता येत नाही, हा २०२० पासूनचा नियम. तयार हाका मात्र देता येतात. ‘ई’ दाबलं की ‘मेडिक!’

स्पायबद्दल एवढंच : साथीदारांना तुमची गोळी लागत नाही, तेव्हा संशय आला की बेलाशक झाडा. दुसरी युक्ती, साथीदाराच्या अंगातून आरपार जाता येतं, शत्रूवर मात्र आपटायला होतं. स्वतःच्या मेडिकसारखा दिसणारा कोणी अंगावर आपटला तर तो तुमचा मेडिक नाही.

कधी कधी एखादं चमकणारं रॉकेट येईल आणि पूर्ण प्रकृती असतानाही तुम्ही जाल. हा नशिबाचा तिप्पट फटका. त्याची शक्यता २ टक्क्यांपासून सुरू होते आणि नुकतीच किती इजा केली त्यावर १२ पर्यंत चढते. जुने खेळाडू यावरून आजही भांडतात. मला तो अधिकृत सामन्यांत हवासा वाटतो, कारण एरवी कधीच न हरणारा माणूस एखाद्या वेळी नवख्याकडून मार खातो.

बॉट, टोप्या आणि भामटे

काही वर्षं अधिकृत सामने फसवे नेम लावणाऱ्या बॉटनी भरून गेले होते. २०२२ मध्ये आणि पुन्हा जून २०२४ मध्ये खेळाडूंनी मोठी मोहीम चालवली, त्यानंतर व्हॉल्व्हने खाती मोठ्या प्रमाणावर बंद केली आणि परिस्थिती बरीच सुधारली. तरी एखादा दिसला तर हकालपट्टीचं मतदान येईल, एफ१ म्हणजे हो. न वाचता एफ१ दाबू नका, कधी कधी भामटेच सज्जनाविरुद्ध मतदान लावतात. कंटाळा आला तर सर्व्हरच्या यादीतून लोकांनी चालवलेले सर्व्हर निवडा. आणि चार-पाच मित्र असाल तर यंत्रमानवांच्या लाटांशी मिळून लढण्याचा ‘मॅन व्हर्सेस मशीन’ हा प्रकार २०१२ पासून आहे, एका वेळी सहाजण. त्यातला ‘बूट कॅम्प’ फुकट आहे.

टोप्यांचा वेडेपणा स्वतःच बघा. डोक्यावर घालायच्या शोभेच्या टोप्या, आणि त्यांतल्या काहींची किंमत ऐकून घाम फुटेल. खेळावर त्यांचा कणभरही परिणाम होत नाही. फुकट खात्याच्या पिशवीत ५० जागा असतात. खेळातल्या दुकानातून काहीही एक स्वस्तातलं विकत घेतलं की खातं प्रीमियम होतं आणि ३०० जागा मिळतात. एवढा खर्च पुरे.

खात्याचं रक्षण करणारी ‘स्टीम गार्ड’ ही सोय मोबाइलवर चालू करा. पिशवीत दोन बऱ्या वस्तू आल्या की अनोळखी माणसं मैत्रीची विनंती पाठवू लागतात. ‘चुकून तुझ्याविरुद्ध तक्रार केली, आता या अधिकाऱ्याशी बोल’ हा त्यांचा ठरलेला डाव आहे. स्टीमचा कुठलाही कर्मचारी चॅटवर येऊन वस्तू मागत नाही. उत्तर न देता ब्लॉक करा.